सख्ख्या हातचं काम

मोआबच्या लाल कड्यावरून उतरताना खड्डा आला की जीपचं स्टीअरिंग असं थरथरायचं, की व्हर्ल देवाचं नाव घ्यायचा. मागे दोन्ही पोरी बसलेल्या असायच्या. खडकाळ वाटांसाठी जीप उंच करून दिली होती सख्ख्या धाकट्या भावाने, डॅलिनने. विचारलं की त्याचं एकच, "दादा, उंच गाडी नाचणारच. तूच म्हातारा झालास!"

शेवटी आज बायकोला, नेड्राला, स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवायला बसवून व्हर्ल स्वतःच गाडीखाली शिरला. पुढच्या आडव्या दांड्याचा बोल्ट दर हेलकाव्याला टकटक वाजत होता.

"बोल्ट ढिला आहे!" तो खालून ओरडला.

"मग उगाच भाऊजींना बोल लावू नका," नेड्रा वरून म्हणाली. "दगडधोंड्यांत पडला असेल ढिला."

व्हर्लने टॉर्च मारली. बोल्ट पक्का आवळून झाला की डॅलिन त्याच्यावरून गाडीच्या लोखंडी चौकटीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. बोल्ट नंतर केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. इथे रेघ सरळ होती, अखंड.


"ढिला पडला नाही गं, आवळलाच नव्हता. रेघ तेवढी मन लावून ओढलीय."