सरळ काजं

“मोतीबिंदू पिकत चाललाय. जेवढा उशीर कराल, तेवढं ऑपरेशन अवघड,” डॉक्टरांनी समजावलं. शिंपी हसला. “अहो, अजून शर्टाची काजं हातानं करतो मी. एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. कशाला डोळ्याला सुरी लावून घेऊ?” शेजारी बसलेल्या बायकोनं मान खाली घातली. त्याची वाकडीतिकडी काजं ती वर्षभर गुपचूप उसवून नव्यानं करत होती, त्याच्या जिवाला लागू नये म्हणून. दुकानात परतल्यावर तिनं सकाळचा शर्ट न उसवता तसाच पुढे ठेवला आणि त्याचं बोट काजावरून फिरवलं. तो भडकला. “कुणी केली ही घाण?” “तुम्ही.” त्यानं खुंटीवरचा तयार शर्ट ओढून चाचपला. टाके बारीक, सरळ होते. “आणि हे?” तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. त्यानं तिचं सुईनं चाळण झालेलं बोट चाचपलं. “कधीपासून दिसत नाही गं मला?”