धाकट्याचा प्रश्न

"विचारल्याशिवाय कुणाच्या दारातलं फूल तोडायचं नाही. देवासाठी असलं तरी नाही."

सासरच्या पहिल्याच सकाळी सासूबाई हे म्हणाल्या होत्या आणि नव्यानं घरात आलेल्या वहिनींनी "नाही तोडणार" असा शब्द दिला होता. आज प्रकाशकबाईंच्या टेबलासमोर बसल्यावर वहिनींच्या कानात तोच आवाज घुमत होता. टेबलावर छापायला निघालेलं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर नाव शेजारच्या खुर्चीतल्या सरांचं. आतली उत्तरं मात्र सगळी वहिनींची.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं घरी करणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप सरांनी काढला होता. सासूबाई आडव्या झाल्या तेव्हा वहिनी त्यात आल्या. रोज सकाळी, चहा तोंडाला लावायच्या आधी, कुणाच्या तरी एका प्रश्नाला उत्तर लिहायचं, असा त्यांनी नेम धरला. कूस कशी बदलावी, माणूस न उठवता चादर कशी काढावी, रुसलेल्या म्हातारीला कसं भरवावं. लिहिलेलं आधी सासूबाईंना वाचून दाखवायच्या. दुखणं त्यांचं, तेव्हा परवानगीही त्यांचीच. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पाठव." कधी म्हणायच्या, "हे नको गं." मग ते जात नसे. पुढे सासूबाई गेल्या. नेम राहिला.

आणि मग एक दिवस सरांनी ग्रुपवर 'माझं पहिलं पुस्तक' म्हणून चार पानं टाकली. वहिनींनी प्रकाशकबाईंना कळवलं आणि आज त्यांनी दोघांना समोरासमोर बोलावलं होतं.

"ग्रुपवर पडलं ते ग्रुपचं," सर खुर्चीत रेलून म्हणाले. "आणि ग्रुप माझा. नदीत ओतलेलं पाणी कुणी परत मागतं का?"

"नदी तुमच्या वडिलांनी तुमच्या नावावर ठेवलीय का?" नणंद म्हणाली. ती वहिनींच्या सोबतीला आली होती. वहिनींचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. नणंदेचा शेजारच्या इमारतीत जातो.

"शिवाय मी संपादन केलंय. माझ्या अनुभवांची जोड दिलीय."

जोड म्हणजे एवढीच. जिथे 'सासूबाई' होतं तिथे सरांनी 'आई' केलं होतं आणि 'थकले'चं 'थकलो'.

प्रकाशकबाईंनी चष्मा सावरला, एक पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "'त्या दिवशी मी फार थकलो होतो. आई म्हणाली, चार दिवस माहेरी जाऊन ये, मी कुठे पळून जातेय?'" त्यांनी मान वर केली. "सर, तुमचं माहेर कुठलं?"

सरांनी समोरचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"ग्रुप काढणं म्हणजे खोली उघडून देणं," प्रकाशकबाई म्हणाल्या. "खोली तुमची. पण तिथे बसून जो जे लिहितो, ते त्याचं. लिहिलं त्या क्षणी त्याचं. त्यानं हक्क लिहून दिल्याशिवाय ते दुसऱ्याचं होत नाही. यांनी तुम्हाला तसं लिहून दिलंय?"

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हळूच मान हलवली. नाही.

सर उठले. दारापर्यंत गेले तेव्हा नणंद म्हणाली, "अहो सर, नदी राहिली तुमची!"

मग प्रकाशकबाईंनी नवा करार पुढे केला. त्यावर नाव वहिनींचं होतं. "हे पान वाचलं आणि तेव्हाच मी हे पुस्तक छापायचं ठरवलं," त्या म्हणाल्या आणि ते पान त्यांनी वहिनींसमोर ठेवलं.

वर प्रश्न होता. ग्रुपवर 'धाकटा' म्हणवणाऱ्या कुणाचा तरी. "आज वडिलांवर हात उगारला. मी इतका वाईट आहे का?" त्याखाली वहिनींचं उत्तर होतं. "उगारलेला हात खाली घेतलात ना? मग त्याच हातानं आता त्यांना पाणी द्या. नंतर तुम्हीही प्या."

नणंदेनं डोळे पुसले. "कर गं वहिनी सही. आईच्या दुखण्याचं सोनं झालं."

वहिनींनी पेन उचललं. टोपण काढलं. सहीच्या जागेवर टेकवलंही. मग त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट त्या पानावर गेलं.

"लिहितो त्याचं ते, असंच ना?"

"अगदी तसंच."

"म्हणजे हे उत्तर माझं. आणि वरचा प्रश्न?"

प्रकाशकबाई भराभर पानं उलटू लागल्या. पुस्तकातल्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर कुणाचा तरी प्रश्न बसलेला होता.

"वहिनी, अगं आत्ता जिंकलीस ना तू!" नणंद कळवळून म्हणाली. "कशाला हातानं घालवतेस?"

"याच न्यायानं जिंकले, म्हणूनच त्यालाही विचारायला हवं," वहिनी म्हणाल्या.

"आणि तो नाही म्हणाला तर?" प्रकाशकबाईंनी विचारलं. "पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे हे."

"तर हे पान निघेल."

प्रकाशकबाईंनी करार परत फाइलमध्ये ठेवला आणि फाइलवर वहिनींचं नाव लिहिलं. "मी थांबते," त्या म्हणाल्या.

वहिनी बाहेर आल्या. पायऱ्यांवर ऊन होतं. त्या एका पायरीवर बसल्या. नणंदही शेजारी टेकली. वहिनींनी पर्समधून फोन काढला आणि एका बोटानं सावकाश लिहायला घेतलं.

"धाकटे भाऊ, बाबा कसे आहेत? तुमचा प्रश्न एका पुस्तकात छापावा असं मनात आहे. पण ते तुमच्या दारातलं फूल आहे. तोडू का?"