दारावरची डबी

डबीवर तांबूस ठिपके उठले होते, अंगावर देवी उठावी तसे. श्यामकांतनं एक ठिपका अंगठ्यानं पुसून पाहिला; गेला नाही.

अंबरनाथच्या या रसायन कारखान्यात कार्ड दाखवलं की उघडणारी दारं बसायची होती. दारांवरच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्रांना डब्या करायचं काम मिळालं तर त्याची पत्राकामाची शेड तरणार होती, नाहीतर तिला कुलूप. इथली ॲसिडची हवा रंगवलेलं लोखंडसुद्धा खाते, म्हणून त्यानं स्टेनलेस स्टील निवडलं होतं. उल्हासनगरच्या बाजारात जाऊन, बायका भांडी घेताना लावतात तसं लोहचुंबक लावून. चिकटलं नाही, म्हणजे अस्सल, असा त्याचा हिशेब.

नमुन्याच्या दोन डब्या पावसाळाभर ॲसिडच्या टाकीशेजारी टांगून ठेवल्या होत्या. पहिली त्याच्या पत्र्याची. दुसरीला पत्रा पुरला नाही. नवा आणायला हातात काही नाही, असं जेवताना तो घरी बोलून गेला होता. मग शेडमधल्या फिटर सदूनंच कुठूनसा तुकडा जमवून डबी उभी केली. कुठून, ते त्यानं सांगितलं नाही, आणि घाईत श्यामकांतनं विचारलं नाही.

कारखान्याच्या चिंतामणी साहेबांनी पहिल्या डबीवर नख फिरवलं. "दाराला डबी मागितली होती, श्यामकांत. तुम्ही गंजक्या पत्र्याचा डबा दिलात."

 श्यामकांतचा सकाळपासूनच दिवस असा होता. पानातल्या भातात पोरकिडा निघाला म्हणून तो बायकोवर, नीलिमावर, डाफरून आला होता. ती मुकाट्यानं सूप घेऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसली होती.

साहेबांनी दुसरी डबी उचलली. पहाटेच्या तळ्यासारखी ती लखलखत होती. एक डाग नाही.

"वा. काम तुमचं. पण पत्रा हाच पाहिजे, सगळ्या डब्यांना. कुठला हा?"

त्याला काय ठाऊक? साहेबांनी स्क्रू काढून झाकण उलटं केलं आणि चष्मा सारखा केला. "आत काय कोरलंय हे?"

श्यामकांत वाकला. टिंबाटिंबांची अक्षरं, एका कडेला दुमडीत अर्धी गेलेली.

'चि. सौ. कां. नीलिमा हिस, आई-अण्णांकडू...'

त्यानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. नीलिमाच्या लग्नातली, तांदळाची स्टीलची कोठी. तिच्यातल्या तांदळाला कधी म्हणजे कधी कीड लागली नव्हती.