टाकीतला ठोका

चुडाव्याच्या स्टेशनमागं रॉकेलचा जुना डेपो होता. तो बंद पडला, पण जमिनीतली टाकी झिरपत राहिली आणि गावच्या विहिरीला वास यायला लागला. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात टाकीतला गाळ काढून ती बुजवायचं काम आम्हाला मिळालं.

आतल्या वाफेनं माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून खाली उतरणाऱ्यानं लोखंडावर हातोडीचे ठोके देत राहायचं. ठोका थांबला की वरच्यांनी दोर ओढायचा.

शेवटच्या दिवशी मल्हारी उतरला. दुपारी गाळ संपला तसा तो वर आला आणि हातपाय धुऊन लिंबाखाली बसला.

खाली ठोका पडला.

"कोण राहिलं रं आत?" दत्तराव मुकादमानं विचारलं.

आम्ही सगळे वरच होतो.

"लोखंड तापलंय, वाजायलंय," मल्हारी म्हणाला.

"मग तुझ्यावानी कसं वाजायलंय?"

दोन ठोके जवळ, एक लांब. मल्हारी तसाच ठोकायचा. मुरूम टाकायचा होता, पण कुणी फावडं उचलेना.

तेवढ्यात मल्हारीची बायको केवळाबाई भाकरी घेऊन आली. तिनं ठोके ऐकले. लिंबाखालच्या नवऱ्याकडं निरखून पाहिलं आणि टाकीच्या तोंडाशी जाऊन बसली.

"अवो, भाकर आणलीय," तिनं खाली हाक मारली.

ठोके थांबले.

भाकरीचं फडकं दोराला बांधून तिनं आत सोडलं. थोड्या वेळानं दोर हलका झाला.

"केवळे, मी हितं हाय," मल्हारी म्हणाला.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मुरूम टाकू नका," ती आम्हाला म्हणाली, "त्यांचं जेवण व्हायचंय."