पाचवी तार

गुरुप्रसादने तीन बास गिटारी काउंटरवर ओळीने मांडल्या आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.

"तिघींना एकदम बघितलंन आणि लाजली," गंगाराम म्हणाला.

"इन्व्हर्टर पंख्यापुरताच आहे हो बाबा. स्पीकर नाही चालायचा. लाईट येईपर्यंत बसा, चहा सांगतो."

बसायला वेळ कुठे होता? गावची एसटी तासाभरात सुटणार होती आणि परवा, वैशाखी पौर्णिमेला, लांज्याच्या गायन पार्टीशी त्यांच्या वाडीचा सामना होता. लांजेकरांकडे चार तारांची बास गिटार. म्हणून वाडीच्या मुंबई मंडळाच्या महेंद्रने वर्गणीबरोबर हुकूम पाठवला होता: आपली पाच तारांची हवी. पाच तारांची आली की ती महेंद्रचा पुतण्या राकेश वाजवणार, हेही त्यातच आलं. गंगारामच्या नातीचा, दीप्तीचा पंजा लहान. मैत्रिणीकडून मागून आणलेल्या चार तारांच्या गिटारवर तिने हिवाळाभर बोटं सोलून घेतली होती. खरेदीला मात्र आजोबांचा शब्द शेवटचा. गंगाराम पार्टीचा सगळ्यात जुना ढोलकीवाला होता.

गुरुप्रसादने एकेका गिटारवर हात ठेवला. "ही नऊ हजार. चार तारा. शिकायला ठीक, पण खाऱ्या वाऱ्याला हिची मान वाकते, सूर टिकत नाही. ही मधली, अठरा. ताराही चारच, पण मान सरळ, सूर पक्का. आणि ही बत्तीस. पाच तारा, आत बॅटरी. पट्टी रुंद आहे, हात मोठा लागतो."

"आणि लाईट नसताना तिघीही मुक्या," गंगाराम म्हणाला. "माझ्या ढोलकीला नाही कधी लाईट लागली. अलोऱ्याला धरणवाल्यांच्या कॉलनीत एकदा मी अशी थाप मारली, की घराघरातले दिवे मिणमिणले. इंजिनियर लोक धरण फुटलं म्हणून लेंग्यावर धावले."

"तेव्हा कॉलनीत वीज आली होती?"

"नव्हती. म्हणून तर घाबरले ना!"

गुरुप्रसादने चहावाल्याला तीन कप सांगितले.

दीप्ती मघापासून दुकानाच्या आतल्या दाराकडे बघत होती. फणसाचं जुनं, जाड दार. पलीकडे सामानाची खोली. "आजोबा, गिटारचं टोक लाकडाला टेकवलं की लाकूड वाजतं," ती म्हणाली. "घरी मी कपाटालाच टेकवते."

"म्हणून तुझी आई म्हणते, कपाट घुमतंय!"

"तुम्ही आत जा. दार लावून घ्या. कान लावून सांगा, पाच तारांची कुठली ती."

"क्रम मी ठरवणार," गुरुप्रसाद म्हणाला. त्यालाही आता मजा वाटू लागली होती.

"लावा कसाही. पाच तारा काय, पाचशे मुंग्यांत लंगडी कुठली तेही मी कानाने सांगीन." गंगाराम आत गेला. दार बंद झालं. बिजागरीजवळ बोट जाईल एवढी फट होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पहिली वाजली ती नऊ हजारांची. दार कुरकुरल्यासारखं झालं. दुसरी मधली. दीप्तीची बोटं सरळ चालत गेली आणि दार खालपासून वरपर्यंत घुमलं. काउंटरवरच्या टाळाच्या जोड्याही किणकिणल्या. तिसरी पाच तारांची. आवाज भारदस्त होता, पण करंगळी जाड तारेपर्यंत पोचेना. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा दीप्तीने ओठ चावून हात ताणला, तरी सूर निसटलाच.

दार उघडलं.

"दुसरी!" गंगाराम ठणकावून म्हणाला. "दुसरी ती पाच तारांची. बत्तीस हजारांची. डोळे मिटून सांगतो."

"बाबा, दुसरी मधली होती. अठराची."

"मग हिची किंमत लिहायला तुम्ही चुकलात. माझा कान चुकत नाही. हीच बांधा."

गुरुप्रसाद हसत हसत पिशवी काढायला वळला. दीप्ती आजोबांकडे बघत राहिली. त्यांच्या कानाला धूळ नव्हती. नाकाच्या शेंड्यावर मात्र दाराच्या फटीची काळी रेघ उमटली होती. तिने ओढणीच्या टोकाने ती पुसली.

"आणि पाच तारांच्या गिटारची ती जाडी तार आहे ना, ती एक सुटी द्या," गंगाराम म्हणाला.

"ती कशाला? हिला लागायची नाही."

"मला लागेल."

वेटोळं केलेली तार सदऱ्याच्या खिशात गेली. एवढ्यात लाईट आली आणि तिच्यामागोमाग महेंद्रचा व्हिडिओ कॉल.

"जयभीम काका. घेतली का? जरा दाखवा." दीप्तीने गिटार समोर धरली. महेंद्रने तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "काका, चारच दिसतायत हो."

"पाच होत्या," गंगारामने खिशातून वेटोळं काढून कॅमेऱ्यासमोर नाचवलं. "एक मीच उतरवली. लांजेकरांकडे चार ना? परवा आपण पाचांनी जिंकलो तर बोंब मारतील, तारेने हरवलं म्हणून. त्यांना तेवढीही जागा ठेवायची नाही. चारांवर हरवायचं."

महेंद्रने तिसऱ्यांदा तारा मोजल्या.

"बरोबर आहे, काका," महेंद्र शेवटी म्हणाला. "पण ती तार सामन्याला खिशात असू द्या हां. लांजेकरांना दाखवायला."