व्हरांड्यातला ट्रायपॉड

“हाही हलतोय,” म्हणत लॅकलननं तिसरा ट्रायपॉड बाजूला सारला.

दुकानदार रॉस हसला. “अरे, दीड किलोचा आहे. पाठीवर घेऊन कडे चढायचे तर एवढाच बरा. याहून दणकट हवा असेल तर सोबत गाढवही घे.”

“मला दुर्बीण लावून बसायचंय. दिवसभर, वाऱ्यात.”

मुलगी आयोना शेजारीच उभी होती. ताहर मारायला, म्हणजे त्या केसाळ डोंगरबकऱ्यांच्या मागावर, ती या हंगामात पहिल्यांदाच एकटी वर जाणार होती. लॅकलननं चाळीस वर्षं तेच डोंगर तुडवले होते. गेल्या हिवाळ्यात खुबा मोडला आणि आता काठी टेकत व्हरांड्यापर्यंत येणं हीच त्याची चढाई.

“बाबा, एवढं धूड मी नेणार नाही हं.”

“तुझ्यासाठी कोण घेतंय? तू आपला हलका घे.”

शेवटी त्यानं दुकानातला सगळ्यात जड ट्रायपॉड निवडला. पायांना लोखंडी टोकं, मधोमध दगडांची पिशवी अडकवायला हूक. वर दुर्बीण बसवून त्यानं ती सावकाश फिरवून पाहिली. रस्त्यापलीकडून एक बाई सामान घेऊन चालली होती. ती चर्चच्या फाटकात शिरेपर्यंत त्यानं तिला नजरेआड होऊ दिलं नाही. कुठेही झटका बसला नाही. मग त्यानं मान डोलावली.

आयोनाला वाईट वाटलं. शिकार सुटली, पण सोस सुटत नाही. आता नदीपलीकडच्या उतारावरची जनावरं बघत बसेल बिचारा.

पहिल्या दिवशी तिनं त्याच उतारावरून रेडिओवर विचारलं, “बाबा, काही दिसतंय का?”

“दिसतंय की. चाललंय नीट.”

“मग सांग ना, कुठे?”

“तू पायाखाली बघ.”

तिसऱ्या दिवशी दुपारी घसरड्या मुरमावर तिचा पाय सुटला. गडगडत ती खाली गेली आणि एका खडकाला अडकली. घोटा मोडला होता. रेडिओ दरीत गेला होता. ती ओरडलीसुद्धा नाही. ऐकायला होतं कोण? अंधार पडेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही, आणि त्यानंतरची थंडी आपल्याला सोसायची नाही, हे तिला कळत होतं. अंगातलं जाकीट घट्ट ओढून ती पडून राहिली.

पाऊण तासात हेलिकॉप्टर आलं. शोधाशोध न करता ते सरळ तिच्या डोक्यावर येऊन थांबलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात लॅकलन तिच्या पलंगाशी येऊन बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, “तीन दिवसांत किती ताहर दिसले, बाबा?”

“एकही नाही,” तो म्हणाला. “जनावरांकडे बघितलंच कुठे मी?”