बारावं जोडपं

"आमच्या ह्यायचा फोटो काढाचा हाये," वलगावची पार्बताबाई फोनवर म्हणाली. "शफीकभाईलेच पाठवा. दुसरं कोनी नको."

नाजियाने तिला समजावून सांगितलं, की अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते अकोल्याला मोठ्या बहिणीकडे, सिताराआपाकडे आहेत आणि सध्या अमरावतीचं दुकान आपणच बघतो. मग, पोरगी त्यांचीच आहे तर चालेल, असं ठरलं.

दुकानावर 'फोटो आणि फ्रेम' अशी पाटी होती. त्यातल्या फ्रेमा अब्बांच्या, फोटो नाजियाचे. पासपोर्ट, जावळं, साखरपुडे, डोहाळजेवणं, काही म्हणता काही सुटत नसे. गेल्या आठवड्यात बडनेऱ्याच्या एका हळदीत नवरदेवापेक्षा त्याच्या मामाचेच फोटो जास्त निघाले होते, कारण मामा समोरून हटायलाच तयार नव्हता.

या सगळ्यातून वेळ चोरून ती दोन वर्षं स्वतःचं एक काम करत होती. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली जोडपी आणि त्यांनी एकमेकांकडे बघणं. एवढंच. दर्यापूरपर्यंत फिरून तिने अकरा जोडपी गोळा केली होती आणि अकराही जोडप्यांनी तिला हात टेकायला लावले होते. एकमेकांकडे बघा म्हटलं, की आजोबा आजींच्या कानाकडे बघत आणि आजी जमिनीकडे.

अकोल्यात प्रदर्शनाला जागा मिळत होती. पण फोटो पाहून तिथल्या बाई सरळच बोलल्या होत्या. फोटो छान आहेत, पण यात बघणं कुठंय? बारावा फोटो सोमवारपर्यंत द्या, त्यात ते दिसलं तर प्रदर्शन, नाही तर जागा दुसऱ्याला. नाजियाला त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. इतक्या वर्षांनी माणसं एकमेकांकडे बघतच नसतील तर? आपण जे शोधतोय ते मुळात नसेलच तर?

पार्बताबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. बाजूला मेथीचे वाफे, वांग्याची झाडं. साठी ओलांडलेली बाई, पण हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटो म्हटल्यावर म्हातारीसुद्धा नटते, नाजियाला मनातल्या मनात हसू आलं. कुंपणाशी तीन-चार बायका येऊन डोकावत होत्या. कॅमेरा दिसला की गर्दी व्हायचीच.

अंगणातल्या बाजेवर किसनराव बसले होते. उन्हाने रापलेला चेहरा, पांढरी दाढी, बोलणं कमीच.

पार्बताबाईने चहा ठेवला आणि दारातून नवऱ्याला विचारलं, "साखर किती टाकू?"

ते म्हणाले, तुला बरी वाटेल तेवढी. म्हातारपणी कुणाला कधी साखर बंद होईल सांगता येत नाही, विचारलेलं बरं, नाजियाच्या मनात आलं.

चहा झाल्यावर नाजियाने कॅमेरा काढला, तशी पार्बताबाई गोंधळली. "फोटो तं आतमंदी काढाचा हाये," ती म्हणाली.

आत उजेड नाही, इथंच छान येईल, असं म्हणत नाजियाने तिला बाजेवर बसवलंच. लाजतेय बिचारी. पार्बताबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून बसली.

एकमेकांकडे बघा, असं नाजियाला म्हणावंच लागलं नाही.

ते आधीच बघत होते. किसनराव बायकोच्या चेहऱ्यावरून नजर हलवतच नव्हते, जणू पापणी लवली तर काहीतरी हातचं जाईल. तिने त्यांच्या खांद्यावरचं सुतळीचं तूस काढलं आणि हात तिथंच राहू दिला. कुंपणाशी बायका, समोर कॅमेरा, कशाचं भान नाही. नाजियाने कितीतरी नवरानवरी पाहिले होते, पण असं बघणं तिने आजवर पाहिलं नव्हतं. एकदाच बटण दाबलं आणि दुसऱ्यांदा दाबायचा तिला धीर झाला नाही.

लग्नाला किती वर्षं झाली, तिने हळूच विचारलं.

"एक्केचाळीस," पार्बताबाई म्हणाली.

"आणि अजून असं बघता?"

किसनराव पहिल्यांदाच हसले. "पाहून घेऊन राहिलो," ते म्हणाले.

नाजियाने त्यांना पडद्यावरचा फोटो दाखवला. किसनरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. नाजियालाही डोळे पुसावे लागले. असतं म्हणजे. एक्केचाळीस वर्षं एका छपराखाली काढूनही टिकतं. तिला अकोल्याच्या बाईंचीही आठवण झाली नाही, इतकी ती भरून पावली. ती पिशवी आवरून उठली.

"चालली कुठं? काम तं राहिलंच," पार्बताबाई म्हणाली. तिने नाजियाचा हात धरून तिला आत नेलं, भिंतीशी स्टूल ठेवलं आणि दिवा लावला.

वर, अगदी आढ्याजवळ, चंदनाचा हार घातलेली एक मोठी तसबीर होती. मिशा काळ्या होत्या, पण डोळे तेच. खाली अब्बांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कै. किसनराव'.

"हे गेले ते आलेच नाई. बारा वर्सं वाट पायली, मंग तुह्या बापानं हा लावून देल्ला," स्टूल घट्ट धरत पार्बताबाई म्हणाली. "परवा घरी आले. आता काढ, माय."